मनू, काका-मामांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस ना, काका, मामा सगळे एकच विचारतायत की आता टेनिसमध्ये बॉल आउट की इन ते मशीनच सांगतं तर अंपायर होऊन करणार काय, आणि तू गप्प बसलीस. फोनवर आपलं बोलणं धड होत नाही, बाबा मध्येच काहीतरी विचारतात, म्हणून सरळ लिहायलाच बसले.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का. २०२५ पासून एटीपी टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, माणसांऐवजी मशीननं कॉल द्यायचं इलेक्ट्रॉनिक कॉलिंग आलं, त्याच वर्षी विम्बल्डननं रेषेवर उभे राहून कॉल देणारे लाईन अंपायर बंद केले, जी स्पर्धा १८७७ पासून चालू आहे तिथे! ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपननं तर ते आधीच केलं होतं. त्या वर्षी चार ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, फक्त पॅरिसच्या फ्रेंच ओपनला माणसं रेषेवर उभी होती, तिथे लाल मातीवर बॉलचा ठसा उमटतो आणि अंपायर खाली उतरून तो बघतो. म्हणजे पूर्वी जे लोक आधी काही वर्षं लाईनवर उभे राहून मोठ्या मॅचेस अगदी जवळून बघायचे आणि मग खुर्चीवर बसणारे मुख्य म्हणजे चेअर अंपायर व्हायचे, त्यांच्या शिडीची खालची पायरी काढून घेतल्यासारखं झालंय. हे मला मनापासून वाईट वाटतं आणि तुझ्यापासून लपवायचंही नाही.

पण काकांनी आपल्याकडच्या स्पर्धा बघितल्यात कुठे? अंडर ट्वेल्व्ह, अंडर फोर्टीनच्या मॅचला कसलं मशीन आणि कसली खुर्ची, मुलंच आपापल्या बाजूचे कॉल देतात आणि तीन-चार कोर्टांवर मिळून एक अंपायर फिरत असतो. शंका असली तर बॉल इनच धरायचा हा नियम अकरा वर्षांच्या मुलाला भर उन्हात पाळायला लावणं काय असतं ते मी तुझ्याकडे बघूनच शिकले. गेल्या उन्हाळ्यात त्या दोन मुलींचं भांडण लागलं होतं, एक म्हणते फॉर्टी-थर्टी, म्हणजे माझे तीन पॉइंट, हिचे दोन, दुसरी म्हणते थर्टी-फॉर्टी, कुंपणापलीकडून एकीचे वडील ओरडतायत, मला वाटलं आता तू रडणार नाहीतर टॉस करणार. तू दोघींना नेटपाशी बोलावलंस, त्या वडिलांकडे मान वळवूनही बघितलं नाहीस, आणि एकेक पॉइंट परत सांगायला लावलास. निघालं काय तर वाद फक्त पहिल्या पॉइंटचा, बाकी दोघींना दोन-दोन मान्य. तू म्हणालीस थर्टी-ऑल, म्हणजे दोघींचे दोन-दोन, खेळा. एका मिनिटात दोघी बेसलाईनवर. तुला नंतर विचारलं तेव्हा कळलं की नियमच तसा आहे, जेवढे पॉइंट दोघांना मान्य तेवढे धरायचे. मला तो नियम इतका आवडला की ऑफिसात सगळ्यांना सांगितला.

आणि मशीनचं म्हणशील तर विम्बल्डनचंच बघ ना. २०२५ ला सेंटर कोर्टवर पावल्युचेन्कोवाच्या मॅचमध्ये सिस्टीम चुकून बंद राहिली होती, समोरच्या कार्टलचा शॉट सरळ बाहेर पडला, सगळ्यांना दिसला, पण कॉलच आला नाही. अंपायरनं पॉइंट थांबवला, फोनवर विचारलं आणि शेवटी पॉइंट परत खेळायला लावला. तो गेम पावल्युचेन्कोवानं घालवला, मॅच जिंकली ती नंतर. मशीन गप्प बसलं की सगळे त्या खुर्चीकडेच बघतात, आणि त्या क्षणी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मोठ्यांदा आउट म्हणायची सवय लागते ती तुझ्या ह्या धुळीतल्या कोर्टांवरच. म्हणून मला वाटतं मोठ्या स्पर्धेत कधी घेतील ह्याची वाट बघत बसू नकोस, मिळतील तेवढ्या ज्युनियर स्पर्धा कर. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या, छोट्या स्पर्धांत तर चेअर अंपायरला बऱ्याचदा सगळ्या रेषा एकट्यानंच बघाव्या लागतात, तिथे उपयोग होईल बघ.

अंपायरच्या कोर्सचं आणि दर्जांचं तू समजावलंस ते लक्षात आहे माझ्या, आधी नॅशनल लेव्हल, मग व्हाईट बॅज, मग ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड. नियमांचं पाठांतर तू करशीलच, त्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे ती तुझ्या मऊ स्वभावाची. अंपायर मोहम्मद लाहयानींचं उदाहरण आठव. २०१० ला विम्बल्डनला इस्नर-माहूची ११ तास ५ मिनिटांची मॅच तीन दिवस खुर्चीवरून त्यांनीच सांभाळली, शेवटचा सेट ७०-६८, केवढा मोठा माणूस! आणि तेच २०१८ च्या यूएस ओपनला एका मॅचमध्ये किरियॉस हा खेळाडू मन लावून खेळत नव्हता म्हणून खुर्चीवरून उतरून त्याला समजवायला गेले. हेतू चांगलाच असणार, पण समोरच्या खेळाडूला काय वाटलं असेल? नंतर त्यांना दोन स्पर्धांना बाजूला ठेवलं. त्याच स्पर्धेच्या फायनलला अंपायर कार्लोस रामोसनी सेरेना विल्यम्सला आधी वॉर्निंग, मग पॉइंट, मग गेम असा दंड दिला, अख्खं स्टेडियम ओरडत होतं, पण पायऱ्या नियमात लिहिल्यात तशाच होत्या. माझ्या मते रामोस बरोबर होते, कोणी काही म्हणो. तुला हरणाऱ्याची दया येते, येऊ दे, पण ती चेहऱ्यावर नको. तूच सांगितलंस ना, पॉइंट संपला की आधी हरलेल्याकडे बघायला शिकवतात, कारण रॅकेट तोच आपटणार. बघ, पण अंपायर म्हणून बघ.

अजून एक, आणि हे आई म्हणून नाही तर गंभीरपणे सांगतेय. ह्या छोट्या आयटीएफ स्पर्धांचे स्कोअर टॅबलेटवरून लगेच जगभर जातात आणि त्यावर बेटिंग चालतं. सट्टेवाल्यांसाठी स्कोअर मुद्दाम उशिरा टाकणारे अंपायर सापडलेत, बंदी आलीय त्यांच्यावर. कोणी अनोळखी माणूस गोड बोलून जेवायला बोलवेल, फेसबुकवर मेसेज करेल, साधं विचारेल की अमुक खेळाडूचा पाय दुखतोय का. उत्तर द्यायचं नाही, लगेच स्पर्धेच्या रेफ्रींना सांगायचं, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. पैसे कमी पडले तर माझ्याकडे माग, लाजू नकोस, सुरुवातीला ह्या कामात फार मिळत नाही हे मला माहितीये आणि म्हणूनच अकाउंट्सची ती अर्धवेळ नोकरी इतक्यात सोडू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारी अकराची वेळ घेतलीय, चष्म्याचा नंबर वाढला असेल तर कोर्सच्या आधीच कळू दे. टोपी मोठ्या काठाची घे, मागच्या वेळी मानेवरची कातडी निघाली होती. आणि कोर्सच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव, तिकीट मी काढते, काकांना काय सांगायचं तेही मी बघते.

तुझी
आई