मंत्रीसाहेब, पंख झाकायच्या आधी माणूस पाठवा

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,

साहेब, नमस्कार.

मी बेळगावचा, उद्यमबागेत लेथवर २२ वर्षं काढलेला माणूस. घाबरू नका, हे पत्र सीमाप्रश्नावर नाही, त्यावर आमच्या तीन पिढ्या लिहीतच आल्यात. विमान उडवायची परवानगी केंद्राकडनं मिळते म्हणजे कर्नाटक का महाराष्ट्र ही भानगड त्यात नाही, तेवढंच एक बरं.

तर मी घरामागच्या शेडमधे दोन सीटचं लहान विमान बांधायलोय. मामाचं घर सांबऱ्याला, लहानपणी विमानतळाच्या कुंपणाला चिकटून उभा असायचो, खूळ तिथलंच.

उजव्या पंखाचा सांगाडा तयार आहे, अॅल्युमिनियमचा. प्रत्येक नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळून त्यावर पिवळ्या पेंटची रेघ मारलीय, नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. नट सुटू नये म्हणून घालतात त्या कॉटर पिना वाकवलेल्या आहेत, रिव्हेट मोजून घ्या. आता यावर कापड चढवायचं, चिकटवायचं, मग गरम इस्त्री फिरवली की ते आकसून ढोलकीसारखं ताणतं. आणि एकदा का कापड बसलं की आतलं काही दिसत नाही ओ, मी खरं केलंय का खोटं हे कापड फाडल्याशिवाय ब्रह्मदेवालाबी कळणार नाही.

म्हणून मी तुमच्या खात्याला पत्र पाठवलं की बाबांनो आत्ता येऊन बघा. उत्तर आलं ते कंपनीचं नाव, कारखान्याचा परवाना आणि तयार विमानाची कागदपत्रं मागणारं. मी कंपनी कुठनं आणू? आमच्याच जिल्ह्यात हत्तरगीला मोठ्या विमानांचे पार्ट बनतात, एअरबसला जातात, आम्हाला अभिमानच आहे, पण तिथं एक मॉडेल पास झालं की त्याचे शेकडो नग निघतात. माझं एकच आहे. त्याला तोच फॉर्म कसा लागणार?

आणि हे आपल्याकडं झालंच नाही असं नाही. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात त्यांचं विमान सगळ्यांनी बघितलं, तरी नोंदणीला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, तेबी किती वर्षं खेटे घालून! त्यांच्यामागं एवढा गाजावाजा होता, माझ्यामागं कोण?

अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम, ५१ टक्के म्हणतात त्याला, हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं की वेगळ्या वर्गात सर्टिफिकेट मिळतं आणि आधी ठरलेल्या भागातच, बहुतेक वेळा ४० तास, टेस्ट उडवावं लागतं. इंग्लंडमधे तर बांधकाम चालू असतानाच इन्स्पेक्टर येऊन टप्प्याटप्प्याला सही करतो. मला सूट नको साहेब, उलट जास्त तपासणी पाहिजे, फक्त योग्य वेळेला. चूक निघाली तर मी पंख परत खोलतो, माझी तयारी आहे, कारण वर मीच बसणार आहे.

बेंगळुरूहून एक इन्स्पेक्टर एका दिवसासाठी आला तरी पुरे. रात्रीच्या गाडीनं बसला तर सकाळी बेळगावात, स्टेशनवर न्यायला मी स्वतः येतो.

कापडाचा रोल माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. इस्त्री तोवर बायकोनं परत नेलीय, पोरांचे युनिफॉर्म होते.

आपला,
उद्यमबागेतला एक टर्नर