नावं माहीत नाहीत, पण थँक्यू!

काल 'स्टार वॉर्स अनकट' परत बघितला आणि राहवलंच नाही म्हणून लिहितोय. १९७७ च्या मूळ पिक्चरचे १५-१५ सेकंदांचे तुकडे पाडले आणि ते हौशी लोकांनी वाटून घेऊन आपापल्या पद्धतीने परत बनवले, कुणी पुठ्ठा कापला, कुणी खेळणी नाचवली, कुणी ॲनिमेशन केलं, आणि २०१० मध्ये त्याला चक्क एमी (अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं राव! दर पंधरा सेकंदांनी हिरो बदलतो तरी गोष्ट तुटत नाही, कसं जमवलंत देव जाणे. तुम्ही जे कोण असाल, मनापासून आभार.

आणि हो, सबटायटलवाल्यांनो, तुम्ही पण. जपानीचा ज नाही येत मला, तरी दिग्दर्शक कुरोसावांचा १९५४ चा 'सेव्हन सामुराय' कळला तो तुमच्यामुळेच, मग त्यावरून हॉलिवूडने १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला, तलवारी जाऊन पिस्तुलं आली, हे दोन्ही शेजारी लावून बघायचा नादच लागला. (एका सीनला अक्षरं जरा उशिरा येतात, पण जाऊ दे, फुकटात एवढं कोण करतं!)