गोवा आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन वाल्यांनी नक्की वाचा: शेवटचे तीन आठवडे

मंडळी, १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी रन, याची मेहनत झालेली आहे, आता फक्त थकवा उतरवायचाय.

- रविवारी सकाळी ६ ला राजाराम तलावावर शेवटची मोठी ब्रिक (सायकलवरून उतरून लगेच रन). पोहताना अधूनमधून डोकं वर काढून दिशा बघायची सवय लावा, मिरामारच्या समुद्रात स्विमिंग पूलसारखी तळाला काळी रेघ नसते! एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, फ्लोट (कमरेला बांधायचा तरंगता फुगा) पाहिजेच.
- सोमवारपासून अंतर हळूहळू निम्म्यावर आणा, पण स्पीड सोडू नका. पाय हलके वाटले म्हणून गुपचूप १०० किमी मारून येऊ नका प्लीज, त्याचा फायदा रेसला होत नाही, पाय तेवढे जड होतात.
- नवीन शूज, नवीन एनर्जी जेल आता बंद.
- चेन, ब्रेक पॅड, टायर याच आठवड्यात बघून घ्या.

रविवारी येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव टाका.