जैसलमेरची ती जमीन पडीक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पश्चिम राजस्थानातल्या सौरऊर्जा प्रकल्पांवरचा लेख वाचला. विजेचे आकडे आणि पारेषण वाहिन्यांची माहिती नीट दिली आहे. मात्र जैसलमेरच्या जमिनीला त्यात 'निर्जीव वाळू' आणि 'कुणाच्याच उपयोगाची नसलेली पडीक जमीन' म्हटले आहे, ते वाचून फार वाईट वाटले. माती सर्वेक्षणाच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षे त्याच भागात खड्डे घेण्यात आणि नमुने भरण्यात गेली. त्या जमिनीची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो आहे.

जैसलमेर म्हटले की आपल्याला सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या आणि उंटावरचे पर्यटक आठवतात. तशा सरकत्या टेकड्या जिल्ह्यात आहेत, पण लाठी, चांधन, मोहनगढ, रामगढ या बाजूला गेलात तर वाळूची नुसती सपाट किंवा किंचित उंचसखल मैदाने लागतात. वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस. या मैदानांवर सेवण नावाचे गवत वाढते. बहुवर्षायू, ठोंब करून राहणारे, कंबरेइतके उंच, एकदा रुजले की वीस वर्षांपर्यंतही टिकणारे. मे महिन्यात पाहिले तर पिवळ्या काड्यांचे झुपके दिसतात आणि माणूस म्हणतो, हे मेले. पहिला बरा पाऊस झाला की त्याच ठोंबांतून आठवडाभरात हिरवे कोंब येतात. थारपारकर गाय, जैसलमेरी मेंढी, उंट ही जनावरे या गवतावर पोसली गेली. तिथल्या कित्येक कुटुंबांचे घर शेतीपेक्षा दुभत्यावर आणि लोकरीवर चालत आले आहे.

आता मातीविषयी. खड्डा घेतला की वरपासून खालपर्यंत फिकट तपकिरी बारीक वाळू, १०० भागांत ८५ ते ९० भाग वाळूच. चिकणमाती जेमतेम. सेंद्रिय कर्ब इतका कमी की प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना आपलीच काही चूक झाली असे वाटे. मीटरभर खाली किंवा त्याहून खोल चुनखडीचे कंकर, काही ठिकाणी जिप्समचा कठीण थर. आपल्या काळ्या मातीच्या मापाने मोजायचे तर ही माती नापासच. पण काळी माती सोलापूरच्या पावसावर जगते. १५०-२०० मिलिमीटरच्या मुलखात हिशेब उलटा होतो, आणि ते कळायला मला स्वतःला खड्ड्यात उतरून ओल बघावी लागली.

दहा मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. भेगा सोडल्या तर काळ्या मातीत तो वरच्या तीन-चार सेंटीमीटरमध्येच अडकतो, कारण ती माती पाणी घट्ट धरून ठेवते. दोन कडक उन्हांत तेवढी ओल उडून जाते. वाळूत तेच पाणी दहा सेंटीमीटरपर्यंत उतरते, आणि मागोमाग आणखी एक-दोन सरी आल्या तर फूट-दीड फूट खाली. नंतर वरची वाळू वाळते. वाळूचे कण मोठे, त्यांच्यामधल्या पोकळ्याही मोठ्या, त्यामुळे खालची ओल केशाकर्षणाने वर चढत नाही. वरचा कोरडा थर खालच्या ओलीचे झाकण होतो. शिवाय वाळू पाणी धरते थोडेच, पण जे धरते त्यातले बरेचसे मुळांना ओढून घेता येते. चिकणमातीतल्या पाण्याचा मोठा हिस्सा मातीच घट्ट पकडून ठेवते. म्हणून जिथे पाऊस फार कमी, तिथे चिकणमातीपेक्षा वाळूवर बहुवर्षायू गवत अधिक चांगले जगते. सेवणाची मुळे नेमकी त्या झाकलेल्या ओलीत पसरलेली असतात.

हे तिथल्या माणसांना आमच्या आधी शेकडो वर्षे ठाऊक होते. पाऊस किती झाला हे ते वाळूत ओल किती अंगुळे खाली गेली यावर सांगतात आणि त्या ओलीला 'रेजा' म्हणतात. रामगढकडच्या एका ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, एका म्हाताऱ्या पशुपालकाने माझ्यासमोर कोपरापर्यंत हात वाळूत घालून सांगितले होते की, साहेब, एवढी ओल आहे, आता जनावरे दिवाळीपर्यंत कुठे न्यायला नकोत. माझ्या पेटीतल्या उपकरणांना हेच सांगायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. जिथे खाली जिप्समचा थर आहे, तिथे या लोकांनी त्याच्या वर साठलेली ओल गोळा करायला दगडी बांधणीच्या अरुंद विहिरी, म्हणजे बेऱ्या, खणल्या. खाली पाताळपाणी खारे, आणि वर वाळूत मुरलेले हे रेजाणी पाणी गोड. अशा जमिनीला निर्जीव कसे म्हणायचे?

या जमिनीचे दुखणे वारा आहे. मार्चपासून जुलैपर्यंत नैर्ऋत्येचा वारा तिथे अक्षरशः झोडपतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत जमीन सर्वांत कोरडी असते. वारा आधी उचलतो ती बारीक धूळ, म्हणजे मातीतले होते नव्हते तेवढे अन्न. सेवणाचा ठोंब ही धूळ अडवतो. जुन्या ठोंबाच्या बुडाशी बोट घालून पाहा, उघड्या वाळूपेक्षा तिथली माती स्पष्ट गडद आणि मऊ लागते. लेंड्या, शेण, पाचोळा, सगळे तिथेच साठते. सगळे पोषण त्या ठोंबांपाशी आहे आणि मधली जागा रिकामी आहे. ठोंब गेला की पोषणाची ती बेटे वाऱ्यावर जातात.

पूर्वी तिथे शेती होत नव्हती असे नाही. चांगल्या वर्षी उंटाच्या हलक्या नांगराने ओरखडा काढून बाजरी, गवार, मटकी पेरत. नंतर काही वर्षे जमीन तशीच सोडत. तो नांगर ठोंबांना वळसा घालून जाई. मग ट्रॅक्टर आले आणि त्यामागे तव्यांचा नांगर. एका दिवसात पन्नास बिघे उलथून ठेवता येऊ लागले, तेही मे-जूनमध्ये, वारा सर्वांत जोरात असताना. पाऊस आला तर बाजरी होते. नाही आला तर ठोंबही नाही आणि पीकही नाही, फक्त शेजाऱ्याच्या कुंपणाशी चढत गेलेली वाळू. पेरलेले सेवण चराईजोगे व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि लागोपाठ दोन-तीन बरे पावसाळे तिथे किती वेळा येतात?

कालव्याबद्दल बोलताना न्यायाने बोलले पाहिजे. इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले आणि १९८७ मध्ये पाणी मोहनगढपर्यंत पोहोचले. पिण्याच्या पाण्यासाठी बायकांची मैलोन् मैल पायपीट त्याने थांबवली आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्याला कायम हात जोडेन. पण सेवणाची जी मैदाने पाट काढून गव्हा-मोहरीसाठी भिजवली, तिथे पाणी वाळूतून सरळ खाली गेले आणि जिप्समच्या किंवा चिकणमातीच्या थरावर साठून वर येऊ लागले. कालव्याच्या वरच्या टप्प्यात, हनुमानगड-सुरतगडकडे, शेते पाणथळ होऊन खारावली. तिथले लोक याला 'सेम' म्हणतात. वाळूचा खोल उतरणारा स्वभाव आणि खालचा कठीण थर सर्वेक्षणात दिसत असूनही पाटपाणी तसेच सोडले जावे, याचे मला आजही दुःख होते.

आता सौर प्रकल्प. ते नकोत असे मी म्हणत नाही. जोधपूरच्या बाजूचे भडला सौरपार्क २,२४५ मेगावॉटचे आहे आणि त्या विजेची देशाला गरज आहे. माझा आक्षेप जागा साफ करण्याच्या पद्धतीला आहे. बुलडोझरने वरचा थर सरसकट खरवडून सपाट करतात, ठोंब मुळांसकट काढतात, खेजडीची (शमीची) झाडे तोडतात. मग उघडी वाळू उडते आणि पॅनेलवर बसते, आणि ती धुवायला पाणी आणतात. ज्या गवताने ती धूळ फुकट धरून ठेवली असती तेच आधी काढून टाकलेले असते. पॅनेलच्या रांगांमध्ये पिके घेण्याचे प्रयोग जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत झाले आहेत, मूग आणि मटकीसुद्धा घेतली गेली. परदेशात पॅनेलखाली मेंढ्या चारतात. सेवणाच्या पट्ट्यात पॅनेल थोडी उंच बसवून, फक्त खांबांपुरती जमीन उकरून काम का करू नये?

दुसरा प्रश्न ओरणांचा आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गावाचे रान: तिथे जनावर चरू शकते, पण कुऱ्हाड आणि नांगर चालत नाही. जैसलमेरचे देगराय मातेचे ओरण हजारो बिघ्यांचे आहे. पण महसुली कागदांत अशी कित्येक ओरणे 'सिवायचक', म्हणजे सरकारी मोकळी जमीन म्हणून लागली आहेत, आणि मोकळी म्हटली की वाटायला सोपी. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरानांचे सर्वेक्षण करून ती अधिसूचित करण्यास सांगितले आहे. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही.

पशुपालकांकडूनही नुकसान होते, ते लपवून काय करायचे? जिथे नलिका विहीर किंवा टाकी झाली तिथे कळप वर्षभर ठाण मांडतात, आणि त्या पाण्याभोवती उघड्या जमिनीचे मोठे वर्तुळ तयार होते. पूर्वी पाणी आटले की कळप पुढे सरकत आणि गवताला उसंत मिळे. यावर उपाय आहे: टाक्या पाळीपाळीने बंद ठेवणे आणि सेवणाला बी धरेपर्यंत एखादा पट्टा राखणे. नांगरलेल्या जमिनीला असा स्वस्त उपाय नाही.

मी मूळचा सांगोल्याचा. आपल्याकडची माळराने मुरमाड आणि उथळ, वाळूशी त्यांचे नाते नाही. पण तिथेही कागदावर 'पडीक' आणि प्रत्यक्षात मेंढ्यांचा चारा अशीच स्थिती आहे, आणि आता गायरानांवर सौर पॅनेल बसू लागले आहेत. सोलापूरच्या नान्नजचा माळढोक आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ संपला. त्याचे शेवटचे मोठे घर म्हणजे जैसलमेरची हीच सेवणाची मैदाने. तिथे त्याला लोक गोडावण म्हणतात.

माझी विनंती अशी. आपल्या प्रतिनिधीने पुन्हा तिकडे जावे, पण श्रावण-भाद्रपदात, एखादी चांगली सर झाल्यानंतर. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांबरोबर चांधन किंवा रामगढकडच्या पशुपालकांनाही भेटावे. आणि दोन प्रश्नांची उत्तरे छापावीत: प्रकल्पाला दिलेल्या जमिनीपैकी किती जमिनीचा वरचा थर खरवडला गेला, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर जैसलमेर जिल्ह्यात किती ओरणांची नोंद प्रत्यक्षात बदलली.

आपला,
एक निवृत्त माती सर्वेक्षक
सांगोला, जि. सोलापूर