जाड एक्सल बसवला म्हणजे भारक्षमता वाढली असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअपचा मागचा एक्सल (मागची चाके धरणारा आणि फिरवणारा आडवा भाग) काढून त्याजागी मोठ्या गाडीचा जाड एक्सल बसवून घेण्याकडे अनेक मालवाहतूकदारांचा कल असतो. शाफ्ट तुटणे, क्राऊन-पिनियनचे (एक्सलच्या मध्यावरच्या दातेरी चाकांच्या जोडीचे) दात उडणे, चाकाचे बेअरिंग वारंवार जाणे, यावर हा रास्त इलाज आहे. पण एक्सल बदलला की गाडीत टनभर माल जादा भरता येतो, हा समज जीवघेणा आहे. चासी, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), टायर आणि ब्रेक यांतला सर्वांत कमजोर भाग गाडीचा भार ठरवतो. त्यामुळे कंपनीच्या पाटीवर लिहिलेले एकूण वजन एक्सल बदलल्यावरही तेच राहते.

घेताना आधी पाहावे ते एक्सल फुल-फ्लोटिंग आहे का. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाकही फिरवतो आणि वजनही पेलतो. तो बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकासकट निखळू शकतो. फुल-फ्लोटिंगमध्ये हब (चाक ज्यावर बसते तो भाग) दोन टेपर बेअरिंगवर हौसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या नळीच्या) टोकाशी बसते, वजन हौसिंग घेते आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम उरते. म्हणूनच त्याचा शाफ्ट चाक न काढता बाहेर ओढता येतो.

मग मापे घ्यावीत: दोन्ही हबांच्या तोंडांमधली रुंदी, पाट्यांच्या बैठकांमधले (एक्सलवर पाटे टेकतात त्या जागांमधले) अंतर, चाकाच्या बोल्टांची संख्या. बोल्ट वेगळे निघाले तर जुनी स्टेपनी बाद झाली. रेशो (क्राऊन आणि पिनियनच्या दातांचे प्रमाण) दात मोजून काढावा. क्राऊनला 41 आणि पिनियनला 10 दात म्हणजे 4.10. आधी 3.73 असेल तर त्याच वेगाला इंजिन साधारण 10 टक्के जास्त फिरेल आणि गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर तेवढाच जास्त वेग दाखवेल. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पिनियनच्या कोनात. बैठका आधी फक्त टाचून (ठिपक्यांपुरते वेल्डिंग करून) घ्याव्यात, गाडी चारही चाकांवर उभी करावी आणि मग कोनमापक लावावा. दोन क्रॉसच्या (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांच्या) साध्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याला, गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. पाट्यांच्या गाडीत मात्र पिनियनचे नाक (पुढचे टोक) त्यापेक्षा 1 ते 2 अंश खाली ठेवावे, कारण जोर पडला की पाटे पिळवटतात आणि नाक वर उचलले जाते. जॅकवर लटकत्या एक्सलला वेल्डिंग केले तर हा कोन हमखास चुकतो. मग विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. कोन जुळल्यावर वेल्डिंग दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून, छोट्या टप्प्यांत करावे. एका दमात केल्यास नळी वाकते. बॅटरी सोडावी आणि वेल्डिंगची अर्थची तार बैठकीशेजारीच लावावी, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना खड्डे पाडतो. ओतीव भागाला वेल्डिंग करू नये.

जाड डिफरन्शियलचे (क्राऊन-पिनियन असलेल्या मधल्या भागाचे) नाक सहसा लांब असते, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. सरकत्या जोडाला आत जायला साधारण 25 मिलिमीटर जागा उरली पाहिजे. ती नसेल तर भरलेली गाडी खड्ड्यात आदळताच शाफ्ट गिअरबॉक्सवर ठोका देतो.

ब्रेककडे होणारे दुर्लक्ष तर सर्वांत वाईट. मोठ्या एक्सलचे व्हील सिलिंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारे) मोठे असले की त्यांना जास्त तेल लागते. जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा) ते पुरवू शकला नाही तर पेडल खोल जाते. उलट मागचे ब्रेक पुढच्यांच्या मानाने जास्त जोरदार झाले तर रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी फिरते. भारानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याचा दांडा नव्या उंचीला पुन्हा जुळवावा लागतो. एक्सलची बैठक उंच झाली की बॉडी वर जाते, व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास सेन्सरच्या चकतीचे दात आधीइतकेच हवेत. ब्रेकचा रबरी पाइप चाके पूर्ण लटकल्यावरही ताणला जाऊ नये.

एक्सल पाट्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट नवेच वापरावेत; एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तोच ताण धरत नाही. ते तिरके-समोरासमोर आवळावेत आणि पहिल्या 100 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. हबची बेअरिंग बसवताना तेलाने किंवा ग्रीसने भिजवून घ्यावीत, कारण हौसिंगमधले तेल तिथवर पोचायला वेळ लागतो. हबचे नट जादा आवळले तर बेअरिंग जळते. सैल राहिले तर सील गळून ब्रेकच्या लायनरवर तेल येते.

गॅरेजचालकांना विनंती आहे की, ब्रेकची चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या, अशा दोन्ही अवस्थांत घेतल्याशिवाय अशी गाडी मालकाच्या हाती देऊ नये.

आपला,
एक वाचक