‘साउथवार्क’वर काट मारणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

ग्रंथपाल बाई,

सप्रेम नमस्कार.

पीटर ग्रँट या जादू शिकणाऱ्या लंडनच्या पोलिसाच्या कादंबऱ्यांचं, म्हणजे बेन ॲरोनोविचच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ मालिकेचं, पहिलं पुस्तक देताना तुम्ही मलपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी सरकवली होती. हे पत्र त्या चिठ्ठीसाठी. काउंटरवर ‘थँक यू’ म्हणून भागण्यासारखं हे काम नव्हतं.

याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘सगळी सुटी आहेत हो, कुठूनही सुरू करा.’ एका दुकानाने तर सरळ सातवं, ‘लाइज स्लीपिंग’ (2018), हातात दिलं. दुसऱ्या पुस्तकापासून जो शत्रू तोंड लपवून फिरतोय त्याचा हिशेब ज्या पुस्तकात होतो, ते आधी वाचलं तर मधल्या पाच पुस्तकांतली हवाच जाते. दुसऱ्या एका विक्रेत्याने ‘मिडनाइट रायट’ हे वेगळं पुस्तक म्हणून विकलं. ते पहिल्याच पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीचं नाव आहे, म्हणजे एकच कादंबरी घेणारा दोनदा पैसे मोजतो. पुस्तकं विकणाऱ्याने पुस्तकं उघडूनच बघायची नाहीत असा काही नियम झालाय का?

तुमच्या चिठ्ठीवर क्रम चार ओळींत होता. पहिली चार ओळीने: ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ आणि ‘मून ओव्हर सोहो’ (दोन्ही 2011), ‘व्हिस्पर्स अंडर ग्राउंड’ (2012), ‘ब्रोकन होम्स’ (2013). पुढे कंसात, ‘चौथं संपेपर्यंत पाचव्याची पाठसुद्धा वाचू नये.’ किती खरं! चौथ्याच्या शेवटाला जे घडतं ते पाचव्याच्या पाठीवरच्या चार ओळींतून कळलं असतं तर फार चुटपुट लागली असती. मग ‘फॉक्सग्लव्ह समर’ (2014), आणि त्याला जोडून पीटरच्या नात्यातल्या ॲबिगेल या मुलीची छोटी कादंबरी. ती आली 2021 मध्ये, पण घडते त्याच उन्हाळ्यात, पीटर ग्रँट हेरफर्डशायरला गेलेला असताना इकडे लंडनमध्ये. प्रकाशनाच्या सालाप्रमाणे जाणारा तिथपर्यंत पोचेस्तोवर तो उन्हाळा विसरून गेलेला असतो. ‘द फर्दस्ट स्टेशन’ (2017) सहाव्याच्या आधी. ट्रियरच्या द्राक्षमळ्यांतलं ‘द ऑक्टोबर मॅन’ (2019) सातव्यानंतर निवांत, कारण त्यात तपास करणारे जर्मन पोलीस आहेत आणि लंडनचं कुणी फारसं लागत नाही.

हा क्रम कुणी चिकाटीने शोधला तर सापडतोही. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जे होतं, ते मात्र कुठे मिळत नाही.

पुस्तकांतल्या जागांच्या नावांचे देवनागरीत लिहिलेले उच्चार. होबर्न. रायस्लिप. ग्रेनिच. पाचव्या पुस्तकातलं ते गाव, ज्याची अक्षरं लावली तर ‘लिओमिन्स्टर’ होतं आणि तिथले लोक नुसतं ‘लेमस्टर’ म्हणतात. शाळेपासून तोंडात बसलेलं ‘थेम्स’ खोडून ‘टेम्झ’. आणि एका ओळीत आधी ‘साउथवार्क’ लिहिलेलं, त्यावर आडवी काट, शेजारी ‘सदर्क’, खाली दोनदा रेघ. ती काट सगळ्यात जास्त आवडली. नवा कागद घेऊन स्वच्छ यादी करता आली असती. पण काट तशीच ठेवल्यामुळे कळलं की तुम्हीही आधी चुकीचाच उच्चार केला होता, मग तो शोधलात, आणि दुसऱ्याला शोधायची वेळ येऊ नये म्हणून लिहून ठेवलात.

या मालिकेत उच्चाराला एवढं महत्त्व का, तर यातली पात्रं म्हणजेच जागा आहेत. फ्लीट, टायबर्न, एफ्रा, बेव्हर्ली ब्रुक या लंडनच्या खऱ्या नद्या आणि ओढे, आणि पुस्तकात त्या चालत्याबोलत्या बायका. नदीला माय म्हणणाऱ्या आपल्या वाचकाला हे पटवून द्यावं लागत नाही. अडतं ते नाव जिभेवर बसत नाही म्हणून, आणि नकाशा डोळ्यांसमोर नसतो म्हणून. तुम्ही पेन्सिलने टेम्झची एक वेडीवाकडी रेघ काढली होती. वर फ्लीट आणि टायबर्न, खाली एफ्रा आणि बेव्हर्ली ब्रुक, आणि डाव्या टोकाला एक फुली: टेडिंग्टन. भरती-ओहोटीचं पाणी तिथल्या बंधाऱ्यापर्यंतच चढतं. कादंबरीतही खालची नदी मामा टेम्झची, वरची म्हाताऱ्या फादर टेम्झची, आणि दोघांच्या भांडणाची हद्द तीच. ती फुली पाहिल्यावर पहिल्या पुस्तकातली निम्मी गुंतागुंत सुटते.

फ्लीट आता जमिनीखालून गटार म्हणून वाहते आणि ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली टेम्झला मिळते. क्लार्कनवेलला रे स्ट्रीटवर रस्त्यातल्या लोखंडी जाळीजवळ उभं राहिलं तर खालून तिचं पाणी ऐकू येतं. बुजवलेल्या नदीला राग असणार, हे लेखकाने नुसतं कल्पनेने लिहिलेलं नाही.

पोलिसी बोलीचीही चार टिपणं होती. ‘निक’ म्हणजे ठाणं, ‘स्किपर’ म्हणजे सार्जंट. ‘आयसी वन’ हा गोऱ्यांसाठी वायरलेसवरचा वर्णनाचा आकडा, ‘आयसी थ्री’ काळ्यांसाठी, ‘आयसी फोर’ आपल्यासारख्यांसाठी. निवेदक पीटरची आई सिएरा लिओनची असल्यामुळे हे आकडे तो ज्या तिरकस सुरात वापरतो, तो सूर आकड्यांचा अर्थ माहीत नसेल तर निसटतोच. मोबाइलबद्दलही एक ओळ: ‘जादू केली की जवळच्या चिपची वाळू होते, म्हणून तो सारखा फोन बंद करतो.’ हा नियम नजरेतून सुटला की पुढची सगळी फोनची झटापट वेडेपणाची वाटते.

एवढं करूनही कुठलंच रहस्य तुम्ही आधी फोडलं नाहीत. मुखवट्याआड कोण, चौथ्याच्या शेवटी काय, यातलं अक्षरही चिठ्ठीवर नव्हतं. जाणकारी दाखवायची हौस आवरून फक्त वाट मोकळी करून देणारी माणसं फार थोडी भेटतात. अडाण्याला अडाणी न वाटू देता सांगणं हा निराळाच सज्जनपणा, आणि वर्गणीच्या पावतीत त्याचे पैसे धरलेले नसतात.

ऑडिओबुकबद्दलची तुमची ‘ऐकायला मिळालं तर कोब्ना होल्डब्रुक-स्मिथच्या आवाजात ऐका’ ही शेवटची सूचनाही पाळली. तो ‘सदर्क’ तुम्ही लिहिलात तसाच म्हणतो.

चिठ्ठीची झेरॉक्स पहिल्या पुस्तकात चिकटवली आहे. मूळ कागद या पत्रासोबत परत पाठवत आहे, कारण तो वाचनालयाचा आहे. खाली दोन बोटं जागा उरली आहे. 2025 चं ‘स्टोन अँड स्काय’ ॲबरडीनमध्ये घडतं, तिथली स्कॉटिश बोली काही केल्या जिभेवर बसत नाही. ते पुस्तक वाचनालयात आलं की तेवढ्या जागेत चार शब्द लिहून ठेवाल का? काट मारलेली असेल तर तशीच राहू द्या.

आपला,
एक वर्गणीदार