‘क्लोरीन-प्रूफ’ म्हणून विकलेला स्विमसूट दहा आठवड्यांत विरला, त्याबद्दल तक्रार

दिनांक : २४ जून

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मुलींचा सरावाचा स्विमसूट, नेव्ही ब्ल्यू. चुकीच्या जाहिरातीबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

२८ मार्चला मी तुमच्या संकेतस्थळावरून माझ्या मुलीसाठी वरील स्विमसूट मागवला. किंमत १,८४९ रुपये. फोटोखाली तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतं : रोजच्या सरावासाठी, क्लोरीन-प्रूफ, आकार न सोडणारा. या शब्दांवर भरवसा ठेवून मी पैसे भरले. चारशे-पाचशे रुपयांचे सूट सोलापुरात नवी पेठेतही मिळतात. ते रोजच्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणूनच तर तुमच्याकडे आले.

मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत शिकते. पहाटे सहा ते साडेसात, आठवड्यातले सहा दिवस ती पोहायचा सराव करते. ब्रेस्टस्ट्रोक हा तिचा प्रकार. २ एप्रिलला तिने तुमचा सूट पहिल्यांदा घातला.

९ जूनला सराव संपला, बाकीची मुलं कठड्यावर चढून कपडे बदलायला गेली, आणि ही पाण्यातच राहिली. मी बाकावर बसले होते. आधी वाटलं, पायात गोळा आला असेल. जवळ गेले तर कठड्याला धरून हळू आवाजात म्हणाली, "आई, टॉवेल दे. आधी टॉवेल दे." मी टॉवेल पसरून धरला तेव्हा ती वर आली. पाठीच्या खालच्या भागात कापड इतकं विरलं होतं की ओलं झाल्यावर आतलं अंग दिसत होतं. शेजारच्या लेनमधली दोन मुलं हसली होती, हे तिने मला रात्री झोपताना सांगितलं. पुढचे दोन दिवस ती तलावावर गेली नाही. गेल्या तीन वर्षांत ताप सोडला तर तिने एकही दिवस चुकवला नव्हता.

ही माझी मूळ तक्रार आहे. पैशांचं नंतर बघू.

त्याच दिवशी मी तुमच्या ग्राहक सेवेला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं की सूट चुकीच्या पद्धतीने धुतला असावा, आमच्या तलावात क्लोरीन जास्त असावं, आणि तीस दिवसांनंतर ‘वापरामुळे झालेली झीज’ कंपनी भरून देत नाही. सोबत पुढच्या खरेदीवर वीस टक्के सवलतीचं कूपन. ते कूपन मी वापरणार नाही.

धुण्याबद्दल सांगते. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही हे विचारा. तरीही रोज सकाळी अर्धी बादली साधं थंड पाणी मी फक्त या सूटसाठी बाजूला ठेवत होते. तलावावर शॉवरखाली एकदा आणि घरी आल्यावर एकदा, असा तो दोनदा खळबळला जायचा. ब्रश नाही, मशीन नाही, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आतल्या खोलीत दोरीवर टाकायचा, कारण एप्रिल-मे महिन्यात आमच्या गच्चीवरचं ऊन कशालाच सोडत नाही. सूटसोबत आलेल्या पुठ्ठ्यावर छापलेली धुण्याची प्रत्येक सूचना मी पाळली आहे.

क्लोरीनचंही तसंच. तलावावरच्या फळ्यावर रोजचं मोजमाप लिहिलेलं असतं. मी पाहिलं तितके दिवस क्लोरीन दोन पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात दोन भाग) आसपास होतं, पीएच ७.४. तलावाचं पाणी निर्जंतुक राहायला साधारण एक ते तीन पीपीएम क्लोरीन लागतंच. शंभर मुलं उतरतात त्या पाण्यात ते नसेल तर मी मुलीला पाठवणारच नाही. म्हणजे ज्या पाण्यासाठी तुम्ही हा सूट विकता, तेच हे पाणी आहे.

कठड्याच्या फरशीवर बसून कापडाला आलेले गोळे मात्र मी तुमच्या माथी मारत नाही. फरशी खरबरीत आहे, तिथे कुठलाही सूट खराब होईल. त्या गोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही.

आता कापडाबद्दल. मी गेली अकरा वर्षं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहे. आलेलं कापड तपासून घेणं हे माझं रोजचं काम. सूट उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, तर पाठीवर आणि बसण्याच्या जागी पांढऱ्या केसांसारखे बारीक धागे वर आलेले दिसतात. बोटाने घासले की त्यांचा चुरा हाताला लागतो. मी पट्टी घेतली, दहा सेंटिमीटरवर पेनने खुणा केल्या, कापड पंधरापर्यंत ताणलं आणि सोडलं. पुढे, अस्तराच्या जागी, ते साडेदहावर परत आलं. मागे साडेतेरावरच थांबलं. मागच्या कापडात जीवच उरलेला नाही.

मग बाजूच्या शिवणीतली लहान पट्टी वाचली : ८० टक्के नायलॉन, २० टक्के इलास्टेन (कापडाला ताण देणारा रबरासारखा धागा, स्पॅन्डेक्स). संकेतस्थळावर हे कुठेच नव्हतं, तिथे नुसतं ‘प्रीमियम स्ट्रेच कापड’ होतं. ही पट्टी मला आधी दिसली असती तर मी हा सूट घेतलाच नसता. चूक माझीही म्हणा, आल्या दिवशी शिवण उलटून पाहायला हवी होती. पण कापडात काय आहे हे गिऱ्हाइकाला विकत घेण्याआधी कळलं पाहिजे.

इलास्टेनचा धागा १९५८ साली तयार झाला. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि तलावातलं क्लोरीन त्याला हळूहळू तोडत जातं, हे कापडाच्या धंद्यात कुणालाही नवीन नाही. आधी ताण जातो, मग तुटलेले धागे गळतात आणि उरलेल्या नायलॉनच्या जाळीतून आरपार दिसायला लागतं. महिन्यातून दोनदा हौसेने पोहणाऱ्या बाईला असा सूट बरेच दिवस पुरेल, मऊ असतो, अंगाला छान बसतो. रोज दीड तास क्लोरीनमध्ये राहणाऱ्या मुलीसाठी तो नाही. क्लोरीनला जास्त तग धरणारं इलास्टेनही बाजारात आहे. ते तुम्ही वापरलं असतं तर पट्टीवर अभिमानाने छापलं असतं.

मुलीच्या मैत्रिणीकडे पॉलिस्टर आणि पीबीटीचा सूट आहे. पीबीटी हाही पॉलिस्टरचाच प्रकार. त्याच्या तंतूतच लवचिकपणा असतो, त्यामुळे इलास्टेन घालावं लागत नाही. कापड थोडं राठ, ताण कमी, पहिले काही दिवस अंगात चढवताना झटापट होते. पण तिचं हे दुसरं वर्ष चालू आहे, रंगसुद्धा फारसा उतरलेला नाही. त्याच तलावात, त्याच वेळेला, त्याच पाण्यात. मुलीला पोहायला शिकवणाऱ्या सरांनी मला नंतर सांगितलं की रोजच्या सरावाला ते सगळ्यांना हेच कापड घ्यायला सांगतात. तुम्ही सरावाचे सूट बनवता, तुम्हाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. १,८४९ रुपये पूर्ण परत करा, कूपन नको. या सूटवरून ‘क्लोरीन-प्रूफ’ आणि ‘रोजच्या सरावासाठी’ हे शब्द काढा. प्रत्येक सूटच्या फोटोखाली कापडाचं प्रमाण टक्केवारीसह लिहा, म्हणजे पैसे भरण्याआधी आईबापांना ते वाचता येईल. आणि हाच सूट ज्यांनी घेतला आहे त्यांना एक संदेश पाठवा. त्यातल्या कितीतरी मुली उद्या पहाटे तो घालून पाण्यात उतरणार आहेत. पैशांपेक्षा मला या शेवटच्या गोष्टीची जास्त घाई आहे.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि ती एका महिन्यात निकाली काढावी लागते. तेवढी वाट मी पाहीन. त्यानंतर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करेन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

बिलाची प्रत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि धुण्याच्या सूचनांचा पुठ्ठा सोबत जोडला आहे. सूट मी परत पाठवत नाही, तो पुरावा म्हणून माझ्याकडे राहील. त्याच्या पाठीचा दोन इंचाचा तुकडा मात्र कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आहे. ज्यांनी मला ‘वापरामुळे झालेली झीज’ असं लिहिलं, त्यांच्या हातात तो द्या आणि एकदा ताणून पाहायला सांगा.

आपली,
एक ग्राहक आणि आई
विजापूर रोड, सोलापूर